क्रोशाच्या हत्तीतून कापूस का दिसतो?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बहिणीच्या बाळासाठी क्रोशाचा हत्ती केलात, पण भरल्यावर टाक्यांमधून पांढरा कापूस दिसायला लागला, डोकं एका बाजूला कलंडतं, सोंड नळासारखी सरळ राहिली आणि डोळे कुठेही ठेवले तरी चेहरा गोड दिसत नाही. सुई ४ मिमीची होती, लोकर दुकानदाराने दिली ती. बारसं महिन्यावर आलंय. हाच दुरुस्त करावा की नवा करावा?

नवा करा. जुना उसवू नका, तो शेजारी ठेवून नवा विणा, म्हणजे फरक हाताला आणि डोळ्याला लगेच कळेल.

कापूस दिसण्याचं मूळ एकच आहे, वीण सैल आहे. डोकं कलंडण्याचं मुख्य कारण मानेत आहे, ते पुढे सांगते. यात तुमचा हात वाईट आहे असं अजिबात नाही. आपल्याकडे क्रोशे शिकवलं गेलं ते रुमाल, तोरणं, टेबलावरची आच्छादनं आणि बाळंतविड्यातली टोपडी यांच्यासाठी. तिथे जाळी हवी असते, भोक हीच नक्षी असते, कापड लोंबतं राहावं अशी अपेक्षा असते. खेळण्याचं काम नेमकं उलट. तिथे वीण म्हणजे कातडी. आत दाबून भरलेला फायबर तिने धरून ठेवायचा, आकार टिकवायचा आणि बाळाने कान ओढला तरी फाकायचं नाही. जपानी लोक अशा विणलेल्या खेळण्यांना अमिगुरुमी म्हणतात. ‘अमि’ म्हणजे विणलेलं, आणि ‘नुईगुरुमी’ म्हणजे आत भरून शिवलेलं खेळणं. त्या दोन शब्दांतला ‘भरलेलं’ हा भाग रुमाल विणलेल्या हातांना नवा असतो.

घट्ट विणा म्हटलं की सगळ्या जणी धागा बोटावर आवळून धरतात. दोन फेऱ्यांत अंगठा दुखतो, सुई टाक्यात शिरेनाशी होते आणि चौथ्या फेरीला वैतागून हात पुन्हा सैल पडतो. मग एकाच डोक्यात खाली घट्ट आणि वर सैल अशी वीण येते. घट्टपणा हातातून आणायचा नाही, सुईतून आणायचा. हात नेहमीसारखाच मोकळा ठेवा आणि सुई लहान घ्या. लोकरीच्या वेष्टनावर ४ मिमी लिहिलं असेल तर खेळण्यासाठी ३ किंवा २.५ मिमी घ्या. मी गेली वीस वर्षं खेळणी विणते आहे आणि माझं निम्म्याहून अधिक काम २.५ मिमीच्या एका सुईवर झालंय. दुकानात सुई मागताना नंबर सांगू नका, मिलिमीटर सांगा. बारीक दोऱ्याच्या स्टीलच्या सुयांमध्ये नंबर वाढला की सुई बारीक होते, आणि त्यात हमखास घोळ होतो.

सुई बरोबर आहे का हे बघायची माझी पद्धत सोपी आहे. सहा फेऱ्यांची चकती विणा, ती काळ्या कापडावर ठेवून चारी बाजूंनी ताणा. नुसती ठेवली असताना काळं दिसलं तर सुई मोठी आहे. जोरात ताणल्यावर किंचित दिसलं तर ठीक. आणि सुई टाक्यात घालताना प्रत्येक वेळी झगडावं लागत असेल तर सुई फार लहान झाली, एक पायरी वर जा.

आता टाका. अमिगुरुमीत जवळजवळ सगळं काम मुक्या खांबाचं, म्हणजे बुटक्या, घट्ट टाक्याचं असतं. परदेशी नमुना वाचत असाल तर एक लक्षात ठेवा: अमेरिकन नमुन्यात या मुक्या खांबाला सिंगल क्रोशे म्हणतात आणि त्यालाच ब्रिटिश नमुन्यात डबल क्रोशे म्हणतात. ब्रिटिश नमुना अमेरिकन समजून विणला तर मुक्याच्या जागी पूर्ण खांब पडतात, हत्ती उंच होतो आणि जाळी सुटते. नमुन्यात कुठेही ‘सिंगल क्रोशे’ दिसत नसेल आणि सगळीकडे ‘डबल’च असेल तर तो बहुधा ब्रिटिश आहे.

मुका खांब घालताना धागा पकडायच्या दोन तऱ्हा आहेत. सुई टाक्यात घातल्यावर धागा नेहमीसारखा सुईवरून घेऊन ओढला की टाका इंग्रजी व्हीसारखा दिसतो. सुई धाग्याच्या वरून नेऊन धागा खालून पकडून ओढला की टाका फुलीसारखा, एक्ससारखा दिसतो. टाका पूर्ण करताना मात्र धागा दोन्ही तऱ्हांत नेहमीसारखाच घ्यायचा. फुलीचा टाका जरा घट्ट बसतो, तिरकाही कमी जातो. मला खेळण्यांसाठी तोच आवडतो. पण हात व्हीला सरावलेला असेल तर बारशाच्या घाईत बदलू नका. एकाच खेळण्यात दोन्ही मिसळले की डोक्याचा पोत एक आणि पोटाचा दुसरा होतो.

तुमच्या हत्तीचं वर्णन वाचून मला आणखी एक शंका आहे, तो उलटा भरला गेला असावा. गोल विणताना काम आपोआप वाटीसारखं आत वळतं आणि पुष्कळदा उलटी बाजू बाहेर येते. सुलट बाजूला सुबक व्ही किंवा फुल्या दिसतात, उलट बाजूला आडव्या रेघा. तिसऱ्या-चौथ्या फेरीलाच तपासा आणि वाटी उलटी असेल तर बोटाने दाबून पलटा. उजव्या हाताने विणणाऱ्यांनी वाटीच्या बाहेरच्या बाजूने, आपल्या जवळच्या कडेवर विणायचं.

सुरुवात मॅजिक रिंगने करा, म्हणजे धाग्याचं मोकळं कडं करून त्यात टाके घालायचे आणि शेपूट ओढून ते बंद करायचं. याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण इथे मला एकदा मोठा धक्का बसलाय. भाचीच्या मुलासाठी एक ससा केला होता. दिसायला देखणा, सगळ्यांनी हातात घेऊन कौतुक केलं. तीन धुण्यांनंतर त्याच्या टाळूवरची रिंग उघडली आणि बाळाच्या तोंडात फायबरचा पुंजका सापडला. भाचीने वेळीच काढला म्हणून निभावलं. मी रिंग ओढून बंद केली होती, पण शेपटाचा धागा दोन टाक्यांखाली घालून कापून टाकला होता. गुळगुळीत धागा धुण्यात हळूहळू सरकतो आणि रिंग सैल होते. तेव्हापासून मी शेपूट १५ सेंटिमीटर ठेवते. दोन-तीन फेऱ्या झाल्या की ते शिवणाच्या मोठ्या सुईत ओवून रिंगच्या टाक्यांच्या पायातून एक पूर्ण वळसा घालते, मग उलट दिशेने परत दुसरा वळसा, आणि आतल्या बाजूला गाठ. दिशा बदलली की धाग्याला परत सरकायला वाट राहत नाही. रिंग जमतच नसेल तर दोन साखळ्या घालून सुईपासून दुसऱ्या साखळीत सहा मुके घाला. मध्ये टाचणीएवढं भोक राहील, पण ते आतून शिवून टाकता येतं.

आता सहाच टाके का, हे समजून घेतलं तर नमुन्याशिवायही विणता येईल. वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याने वाढली की परीघ २π, म्हणजे सुमारे ६.२८ टाक्यांनी वाढतो. मुका खांब जवळजवळ चौकोनी, जितका रुंद तितका उंच. म्हणून प्रत्येक फेरीला सहा टाके वाढवले की चकती सपाट राहते. सहापेक्षा कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर कडेला झालर येते. पूर्ण खांब उंच असतो, म्हणून खांबांच्या गोल रुमालाला तुमची आजी बाराने वाढवत असे. हिशोब तोच.

हत्तीचं डोकं मी असं करीन. पहिल्या फेरीत ६, मग १२, १८, २४, ३०, ३६. त्यानंतर सहा फेऱ्या नुसत्या ३६ च्या, वाढ (एकाच टाक्यात दोन मुके) नाही आणि घटही (दोन टाक्यांचा एक) नाही. मग घटवत ३०, २४, १८, आणि १८ वर थांबायचं. १० सेंटिमीटरमध्ये तुमचे २० टाके येत असतील तर ३६ टाक्यांचा घेर १८ सेंटिमीटर होतो आणि डोकं पावणेसहा सेंटिमीटर रुंद. मोठं हवं असेल तर ४२ किंवा ४८ पर्यंत जा आणि सरळ फेऱ्याही त्या प्रमाणात सात-आठ करा.

वाढी दरवेळी एकावर एक आल्या की डोकं गोल न होता षटकोनी होतं. उदाहरणार्थ, चौथ्या फेरीत ‘२ मुके, १ वाढ’ सहा वेळा असं लिहिलेलं असतं. त्याऐवजी ‘१ मुका, १ वाढ, १ मुका’ सहा वेळा विणा. टाके तेवढेच, २४, पण वाढीची जागा सरकली. एक फेरी सोडून एक असं करत गेलात की कोपरे नाहीसे होतात.

घट करताना दोन टाक्यांमध्ये पूर्ण सुई घालून एकत्र विणू नका, तिथे गाठोडं येतं आणि शेजारी भोक पडतं. दोन्ही टाक्यांचे फक्त पुढचे धागे सुईवर घ्या, धागा ओढून त्या दोन्हींतून काढा, मग नेहमीसारखा मुका पूर्ण करा. याला अदृश्य घट म्हणतात आणि ती खरोखरच दिसत नाही. अमिगुरुमीतली एकच युक्ती शिकायची असेल तर मी हीच शिकवीन.

फेरीच्या शेवटी जोड देऊ नका, गोलगोल सलग विणत जा. पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाच्या धाग्याचा तुकडा अडकवा आणि प्रत्येक फेरीला तो वर घ्या. मोजायचा आळस मात्र करू नका. ३६ च्या जागी ३५ झाले तर आत्ता काही दिसत नाही, पण पाच फेऱ्यांनी घट कुठे बसवायची ते कळेनासं होतं. सलग विणीत टाके हळूहळू उजवीकडे तिरके जातात, त्यामुळे खुणेचा धागाही सरळ वर न जाता कलतो. म्हणूनच ‘खुणेपासून अमुक टाक्यांवर डोळा’ असा हिशोब फसतो. डोळे, कान, पाय टाके मोजून नाही, टाचण्या लावून आणि समोरून बघून ठरवायचे.

रंग बदलताना आधीच्या रंगाच्या शेवटच्या टाक्यात सुईवर दोन वळसे राहिले की तिथेच नवा धागा घेऊन टाका पूर्ण करा.

मान. तुमचा हत्ती मान टाकतो, कारण डोकं सहा टाक्यांवर बंद करून धडावर वरून शिवलं असणार. एवढं जड डोकं एका ठिपक्यावर तोललं जात नाही. म्हणून मी १८ वर थांबायला सांगितलं. तिथे डोकं भरा आणि तसंच पुढे विणत २४, ३० असं वाढवून धड काढा. मान १८ टाक्यांची आणि सलग, शिवण नाही. भरताना फायबरचा एक घट्ट बोळा मानेतून अर्धा डोक्यात, अर्धा धडात असा बसवा. मानेची रेघ जिथे येते तिथेच फायबर तुटक असेल तर डोकं डुलणारच. काठी किंवा तार घालायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. बाळाच्या खेळण्यात ती कधीही घालू नका.

भरायला घरचा कापूस घेतलात ना? आमच्याकडे आईच्या वेळी उशीतला सावरीचा कापूस किंवा मऊ चिंध्या भरत. दोन्ही धुतले की गोळे होतात आणि लवकर वाळत नाहीत. उशीत भरतात तो पॉलिस्टर फायबर घ्या. तो दाबून सोडला की पुन्हा फुलतो. मुठीएवढे गोळे कोंबू नका, बोटांनी पिंजून पातळ करा आणि आधी कडेला, मग मध्ये असा भरा. पेन्सिलीचं बोथट टोक पुरतं. ‘आता पुरे’ वाटल्यावर आणखी थोडा जातो, आणि तो घालायचाच. फक्त वीण घट्ट असली पाहिजे, नाहीतर तोच जास्तीचा फायबर टाके फाकवून बाहेर डोकावतो. आणि हो, पांढरा फायबर गडद करड्या विणीत जास्त उठून दिसतो. फिकट राखाडी किंवा आकाशी हत्ती पहिल्या कामाला सोपा जातो.

सोंडेची गंमत मला फार आवडते. सरळ नळी वाकवायची तर तिची एक बाजू लांब आणि समोरची आखूड करायची. टोकापासून ६, मग १२ टाके, आणि दोन फेऱ्या साध्या. पुढची फेरी: २ वाढी, ३ मुके, २ घटी, ३ मुके. संख्या १२ च राहते, पण वाढीची बाजू फुगते, घटीची आवळते आणि नळी वळते. मग एक फेरी साधी, परत हीच वळणाची. अशा चार-पाच वळणाच्या फेऱ्यांत सोंड छान उचलली जाते. वाढी आधीच्या वाढींच्या बरोबर वर येताहेत ना, हे डोळ्यांनी बघा. टाके तिरके सरकत असल्याने कधी एखादा मुका आधी घालून जागा जुळवावी लागते. सोंड अर्धीच भरा, टोकाला जवळजवळ रिकामी, म्हणजे ती मऊ राहते.

पाय उभे राहायला हवेत तर तळवा १८ ची सपाट चकती करा आणि पुढची एक फेरी टाक्यांच्या फक्त मागच्या धाग्यात विणा. तिथे कड मोडते आणि तळवा चपटा बसतो. कान म्हणजे ३० टाक्यांच्या दोन सपाट चकत्या, भरायचं काहीच नाही.

आता चेहरा. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडलं होतं की मोठं डोकं, उंच कपाळ, चेहऱ्यात खाली असलेले मोठे डोळे ही बाळाची लक्षणं दिसली की माणसाला माया येते. खेळण्याचा गोडवा याच मापांत आहे. तुम्ही डोळे डोक्याच्या मध्यावर किंवा वर लावले असणार, त्यामुळे तो वयस्कर दिसतो. वर सांगितलेल्या डोक्यात डोळे दहाव्या आणि अकराव्या फेरीच्या मध्ये घ्या, दोघांत आठेक टाके अंतर ठेवा आणि सोंडेचं मूळ त्यांच्या मधून थोडं खाली सुरू करा. आधी सगळं टाचण्यांनी टोचून मोबाईलवर फोटो काढा. हातात घेतलेला चेहरा आपल्याला फसवतो, फोटोत तिरकेपणा लगेच दिसतो. मी रात्री टाचण्या लावून ठेवते आणि शिवते सकाळी. टाचण्या मोजून लावा आणि मोजूनच काढा.

पण ताई, डोळे प्लॅस्टिकचे लावू नका. बाजारात ‘सेफ्टी आय’ मिळतात, मागून चकती दाबली की निघत नाहीत असं सांगतात. तीन वर्षांखालच्या बाळासाठी मी ते कधीच वापरत नाही. चकती सुटत नाही, पण बाळाने चावून चावून वीण सैल केली तर चकतीसकट डोळा टाक्यातून बाहेर येऊ शकतो. लहान मुलांच्या खेळण्यांच्या तपासणीत ३१.७ मिमी व्यासाचं एक नळकांडं वापरतात. त्यात मावणारा सुटा तुकडा घशात अडकण्याच्या धोक्याचा मानला जातो, आणि कोणताही डोळा त्यात सहज मावतो. मणी आणि बटणंही याच कारणाने बाद. काळ्या सुती धाग्याने डोळे भरा. झोपलेले डोळे तर आणखी सोपे, उलट्या टीपेची एक खाली वळलेली कमान आणि तीन पापण्या. बारशाच्या बाळाला झोपलेला हत्ती शोभूनही दिसेल. तरीही तो नवजात बाळाच्या पाळण्यात झोपेच्या वेळी ठेवू नका. मोठं माणूस शेजारी असेल तेव्हाच हातात द्या.

पुढे विकायचा विचार आला तर भारतात १४ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) मानकं बंधनकारक आहेत. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी झालेल्या कारागिरांना त्यातून सूट दिलेली आहे. पहिल्या ऑर्डरआधीच ती नोंदणी करून घ्या.

धाग्याचं विचारलं नाहीत, पण सांगते. दुकानात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते. ती मऊ, हलकी, लवकर वाळणारी, पण वापराने तिच्यावर बोंडं येतात. सुती धाग्यात टाका स्वच्छ दिसतो, तो ताणत नाही आणि तोंडात घालणाऱ्या बाळाला मी तोच पसंत करते. एकच अडचण, पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत जाड सुती खेळणं दोन दिवस ओलं राहतं आणि आतून कुबट वास येतो. धुतल्यावर पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि पंख्याखाली टांगा. मखमली लोकर अजून घेऊ नका, त्यात टाका दिसतच नाही, बोटाने चाचपून विणावं लागतं. लाल किंवा गडद निळा सुती धागा घेतला तर विणण्याआधी हातभर तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबून बघा. रंग सुटला तर तो धागा बाळाच्या वस्तूला नको.

शिवण्यासाठी प्रत्येक भागाला २५ सेंटिमीटर धागा सोडा. कान-पाय शिवताना धडाच्या टाक्याचे दोन्ही धागे सुईवर घ्या आणि पूर्ण वळसा झाला की आणखी एक वळसा घाला. बाळ खेळणं कानाला धरूनच उचलतं.

महिना पुरेसा आहे. पहिले दोन दिवस नुसत्या चकत्या विणा, सुई ठरवा. डोकं-धड एका आठवड्यात होईल, सोंड, पाय, कान दुसऱ्या. तिसरा आठवडा संपूर्ण शिवण्याला आणि चेहऱ्याला ठेवा, इथेच सगळ्या जणी घाई करतात. चौथ्या आठवड्यात हत्ती एकदा धुऊन वाळवा, कान आणि पाय जोरात ओढून बघा, टाळूची रिंग अंगठ्याने दाबून बघा. जे सुटायचं असेल ते तुमच्या हातात सुटू दे.